सॉकेट तोच, मग बोर्ड का बदलायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि सविस्तर सांगतो, कारण काउंटरवर उभं राहून हे सांगायला गेलं की मागचं गिऱ्हाईक खाकरायला लागतं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘हा आता गंडवणार’ असं स्पष्ट दिसतं.

प्रश्न ठरलेला आहे. खाचा जुळतात, पिना जुळतात, सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचा, नंबर तोच आहे, मग जुन्या मदरबोर्डावर नवा प्रोसेसर का चालत नाही? बोर्डपण बदला, हे तू कशाच्या जोरावर सांगतोस? त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. सभ्य माणसं तो गिळतात, बाकीची विचारून मोकळी होतात: एका बोर्डामागं तुला किती सुटतात?

त्याचंच उत्तर आधी देतो. फार नाही. प्रोसेसरवर जवळजवळ काही नाही, बोर्डावर थोडं. आमचं घर चालतं ते कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), केबली आणि जोडणीच्या मजुरीवर. पटलं तर घ्या.

मधे येतो तो चिपसेट: प्रोसेसरला मेमरी, डिस्क आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या, बोर्डावरच्या चिपा. तर पुढचं.

१९९८ साली बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, आलं, इंजिनीअरिंगची पोरं कॉम्प्युटर मागायला लागली, आणि आम्ही रात्रीच्या बसनं बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणायला लागलो. तेव्हा ‘सॉकेट ७’चे बोर्ड अजून मिळायचे. त्यावर इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे, सायरिक्सचाही बसे. चिपसेट इंटेलचा असो नाहीतर तैवानच्या व्हियाचा किंवा एसआयएसचा, गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून जोडी लावायची. पण इंटेलनं त्याआधीच, १९९७ मध्ये, पेंटियम टूसाठी ‘स्लॉट १’ काढला होता. त्याच्या बसवर (प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातल्या सिग्नलांच्या वाटेवर) पेटंट, चिपसेट करायचा तर परवाना घ्या. एएमडीनं १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी ‘स्लॉट ए’ आणला. पट्टी तीच, फक्त उलटी फिरवलेली, आणि आतले सिग्नल पूर्ण निराळे. दिसायला जुळतं म्हणजे चालतं, यावरचा माझा विश्वास तिथंच उडाला. तुमचा अजून आहे.

मग पेंटियम ४. इंटेलच्या स्वतःच्या पहिल्या चिपसेटला रॅमबसची मेमरी लागायची, आणि तिचा भाव ऐकून माणूस दुकानातून बाहेर पडायचा. व्हियानं २००१ मध्ये पी४एक्स२६६ चिपसेट काढला, स्वस्त डीडीआर मेमरीवर चालणारा. इंटेल म्हणालं, तुमच्याकडे परवाना नाही. व्हिया म्हणालं, आमच्या भागीदारीतल्या एस३ ग्राफिक्सचा इंटेलशी करार आहे, त्यातून आम्हाला तो मिळतो. सप्टेंबर २००१ मध्ये इंटेल कोर्टात गेलं. मोठे बोर्डवाले कचरले, तेव्हा व्हियानं स्वतःच्या नावाचे बोर्ड बाजारात आणले. एप्रिल २००३ मध्ये दहा वर्षांचा परस्पर परवाना करून दोघं मोकळे झाले. तो चिपसेट पेंटियम ४ व्यवस्थित चालवत होता, हे लक्षात घ्या. भांडण चालतं की नाही यावर नव्हतंच, चालवायचा हक्क कुणाला यावर होतं.

त्या काळात मी तावातावानं व्हियाच्या बाजूनं बोलायचो. रामदेव गल्लीत चहा पिता पिता भांडणं केलीत त्यावरून. मोठ्यानं लहानाला दाबलं, एवढंच मला दिसत होतं. आणि आज मीच गिऱ्हाइकाला सांगतो की प्रोसेसर ज्या घरचा त्याच घरचा चिपसेट घ्या. (तसा आता दुसरा पर्याय तरी कुठं उरलाय?) तेव्हाचा मी आज दुकानात आला तर मला दलाल म्हणेल. मी त्याला व्हियाच्या ६८६बीची आठवण करून देईन: २००१ मध्येच त्या चिपच्या बोर्डांवर मोठ्या फायली एका डिस्कवरून दुसरीवर नेताना डेटा खराब होतो असं उघड झालं होतं, पॅच काढावा लागला होता. तो म्हणेल, आणि इंटेल? २००० मध्ये ८२० चिपसेटचे बोर्ड मेमरी हबच्या दोषापायी परत घेतले, जानेवारी २०११ मध्ये सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधले साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) कालांतरानं खराब होतात म्हणून पुन्हा तेच. एकाच घरचं घेऊन काय मिळवलंस? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एनव्हिडियाचं तर आणखी मजेशीर. त्यांचा इंटेलशी चिपसेटचा करार २००४चा. पुढं इंटेलनं मेमरी कंट्रोलर, जो आधी चिपसेटमध्ये असायचा, प्रोसेसरच्या पोटात घातला आणि म्हटलं, या नव्या प्रोसेसरांना तो करार लागू नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये दावा, मग एनव्हिडियाचा उलट दावा, त्याच वर्षी एनव्हिडियानं चिपसेटचं काम थांबवलं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलनं दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट करायचा हक्क मात्र त्या तडजोडीत नव्हता. आमचा एक मित्र म्हणतो, हे म्हणजे आपला सीमाप्रश्नच की. छे. महाराष्ट्रही २००४ सालीच सुप्रीम कोर्टात गेला. यांचं दोन वर्षांत मिटलं.

आता गुरुजी.

नाव सांगणार नाही, गावही नको. प्राथमिक शाळेत त्यांनी मला पाढे शिकवले, एवढं पुरे. करोनाच्या आधीची गोष्ट. निवृत्त झाल्यावर ते घरी डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मशीन माझ्याच दुकानातलं. जावयानं पुण्याहून नवा प्रोसेसर आणून दिला, सॉकेट तोच, पिढी पुढची. कंपनी कुठली ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही तिच्यावर घसराल आणि दुसरीला डोक्यावर घ्याल. दोघींनीही हे केलंय, त्याकडे येतोच.

मी बोर्डाचं मॉडेल बघितलं, कुठल्या बोर्डावर कुठला प्रोसेसर चालतो ती कंपनीची यादी उघडली. त्या बोर्डाच्या नावाखाली हा प्रोसेसर नव्हता. म्हणालो, “गुरुजी, चालणार नाही. बोर्ड बदलावा लागंल.”

“लावून तर बघ.”

लावला. पंखा फिरला, पडदा काळा. जुना प्रोसेसर परत बसवून कंपनीचं सगळ्यात नवं बायोस (मशीन सुरू होताना बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकलं, पुन्हा नवा लावला. तेच.

“सॉकेट तोच हाय की रे.”

“होय की गुरुजी, पण चिपसेट जुना आहे.”

“चिपसेटला काय कळतंय नवा कुठला न् जुना कुठला?”

वर्गात आम्ही असा प्रश्न विचारला असता तर त्यांनी शाबासकी दिली असती. कारण कळतं ते बायोसला. त्यात त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्यासाठीच्या आतल्या सूचना) नसेल तर बोर्ड त्याला ओळखत नाही, आणि तो घालायचा की नाही हे कंपनी ठरवते. हे मला माहीत होतं. पण शनिवारची संध्याकाळ, दुकानात माणसं, एवढं कोण सांगत बसणार? मी म्हणालो, “कंपनीनंच तसं केलंय.”

तेव्हा त्यांनी तो दुसरा प्रश्न विचारला. आवाज अजिबात न चढवता. “एका बोर्डामागं किती सुटतात रे तुला?”

मी ड्रॉवरमधून खरेदीचं बिल काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. प्रोसेसर डबीत ठेवला, डबी पिशवीत घातली आणि म्हणाले, “आपला माणूस म्हणून तुझ्याकडं येत होतो.”

बेळगावात एका मराठी माणसानं दुसऱ्याला हे वाक्य म्हटलं की त्यात काय काय येतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुकानात उभी असलेली माणसंही ते ओळखून होती. एकानं तर माझ्याकडे बघून मान हलवली. त्याचा प्रिंटर मी तीनदा फुकट बघून दिला होता.

काही आठवड्यांनी त्यांच्या गल्लीतला एक पोरगा रॅम न्यायला आला. “काका, गुरुजींचं मशीन चाललं, त्याच बोर्डावर, नवा प्रोसेसर घालून.” कसं? तर कुणीतरी बदललेलं बायोस त्यानं उतरवून घेतलं, बोर्डावरच्या चिपला क्लिप लावली, स्वस्तातल्या प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं ते तिच्यावर लिहिलं. त्याला मला खिजवायचं नव्हतं. नुसता आनंद झाला होता. मी त्याला रॅम दिली, बिल दिलं. तो गेल्यावर कितीतरी वेळ मी त्याच बोर्डाची यादी पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो.

गुरुजी परत दुकानात आले नाहीत. पुढं एका लग्नात भेटले. पत्रिका त्यांनीच केली होती. पाऊस, पेन्शन, नातवंडं, सगळं बोललो. बोर्डाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. यादीत प्रोसेसर नव्हता, पडदा काळा होता, दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्या पोराचं बायोस टाकून बोर्ड जळाला असता तर डिस्ट्रिब्युटरनं वॉरंटीत घेतला असता? हात जोडून सांगितलं असतं, घेऊन जा. मग गुरुजी कुणाकडे आले असते? माझ्याकडेच. पण हेही खरं की मी ‘चालणार नाही’ म्हणालो आणि ते चाललं.

दोन्ही कंपन्यांचं सांगतो म्हणालो होतो. इंटेलचा ११५१ पिनांचा सॉकेट २०१५चा. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ पिनांवर आले, पण ३०० मालिकेचा चिपसेट पाहिजे, अशी अट घालून. कारण दिलं विजेचं: कोअर वाढले, म्हणून पिनांची वाटणी बदलली. हौशी लोकांनी काही पिना झाकून, बायोस बदलून ते जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. एएमडीनं मे २०२० मध्ये जाहीर केलं की येणारे झेन ३ प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, कारण अनेक बोर्डांच्या बायोस चिपमध्ये १६ एमबीच जागा. आरडाओरडा झाला, आणि त्याच महिन्यात त्यांनी शब्द फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही दार उघडलं.

म्हणजे कारणं खोटी होती का? तसंही म्हणवत नाही. १६ एमबीची अडचण खरीच होती. काही बोर्डांवर नव्या प्रोसेसरसाठी जागा करताना जुन्यांची नावं बायोसमधून काढावी लागली. विजेचंही कळतं. स्वस्त बोर्डाची व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, भर कामात हात लावून बघा, भाजेल. पण खरी अडचण आणि सोयीची अडचण एकाच पत्रकातून येते, आणि कुठली संपून कुठली सुरू झाली ते काउंटरवरून दिसत नाही. इंटेल, एएमडी ही नावं डबीवर असतात. गिऱ्हाइकाला समोर मी दिसतो.

हल्ली मी ‘चालणार नाही’ म्हणत नाही. ‘कंपनी जबाबदारी घेत नाही, मीही घेणार नाही’ असं म्हणतो. बायकोचं म्हणणं, हे त्याहून वाईट वाटतं ऐकायला. असेल.

दुकानात कामाला असलेला पोरगा मात्र रविवारी स्वतःच्या घरी लोकांचे बोर्ड उघडतो, क्लिप लावतो, बायोस लिहून देतो. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. एखादा फारच आग्रह धरून बसला तर मी म्हणतो, “त्याला विचार, पण रविवारी, आणि बिल मागू नको.”