रनीमीडच्या खिडकीपाशी

मी हर्णैचा. बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून सव्वीस वर्षं काढली. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाबद्दल काहीही वाचलं, तरी माझं लक्ष आधी वायरलेसवाल्याच्या खुर्चीकडे जातं. सात जणांत त्याचीच जागा ऊबदार, हीटर शेजारीच. शेपटाकडचा तोफवाला उणे ४० अंशांत गारठायचा आणि याला घाम फुटायचा. तळावरून येणारे संदेश ऐकायचे, पण स्वतः सहसा की, म्हणजे संदेश पाठवायची कळ, दाबायची नाही. दाबली तर शत्रूला ठाव लागायचा. आम्हाला शिकवण उलटी: संकट आलं की पहिला हात कीवर. शेजारचं विमान पेटलेलं असताना हात आवरून बसायचं, या विचारानेच माझी बोटं आखडतात.

आणि ही सगळी स्वखुशीने आलेली पोरं, बहुतेक विशी-बाविशीतली. ३० मोहिमा पुऱ्या केल्या की काही काळ सुटका. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली, त्यांतली ९५ परतली नाहीत. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिशांचं बॉम्बफेकी विमानांचं दल; त्यातल्या विमानांतून उडणाऱ्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ गेले.

हॅम्बुर्गला आमची बोट लागायची. सेंट निकोलाई चर्चचा जळका मनोरा तिथे तसाच ठेवलाय. जुलै १९४३ मध्ये त्या शहरात हजारो माणसं जळाली, ती याच पोरांच्या बॉम्बनी. ते विसरून मला हे लिहिता येत नाही. तरी त्यांच्याबद्दलचं आतडं तुटायचं थांबत नाही.

आमच्या धाकट्या काकांचा मचवा वादळात गेला. देह मिळाला नाही. काकींनी बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. मग दर्भाचा पुतळा करून कार्य केलं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुतळ्याला अग्नी देताना काकी म्हणाल्या, "ह्ये ते न्हवत."

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा तिने रनीमीडला नेलं. टेकडीवर स्मारक, खाली थेम्स. ज्यांची कबर कुठेच नाही, अशा हवाई दलातल्या २०,००० हून अधिक जणांची नावं तिथे अरुंद खिडक्यांच्या कडांच्या दगडात कोरली आहेत. हुद्दा दिलाय, काम नाही. वायरलेसवाला कोण, तोफवाला कोण, कळायला मार्ग नाही. मग मी १९४४ च्या एका खिडकीतले सगळे सार्जंट वाचायला घेतले, एकेक नाव, हळू आवाजात. लेक दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा आली ती माझ्याशेजारी उभी राहून पुढची नावं वाचू लागली.