कोरा तक्ता छापायचा, तोही रेघांसकट

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उन्हाळा लागला की गेटवर पाण्याच्या टँकरचं रजिस्टर सुरू होतं. तारीख, वेळ, गाडी नंबर, किती लिटर, दोन सह्या. स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार रजिस्टरात हे रकाने नसतात. म्हणून कमिटीतलं कुणीतरी एक्सेल उघडतं, स्क्रीनवर रेघा दिसतातच, थेट प्रिंट देतं आणि एक्सेल सांगतं की छापण्यासारखं काहीच सापडलं नाही.

एक्सेलचं काही चुकत नाही. स्क्रीनवरच्या करड्या रेघा फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी असतात. छापताना एक्सेल ए१ पासून, म्हणजे डावीकडच्या सगळ्यात वरच्या सेलपासून (चौकटीपासून), शेवटच्या वापरलेल्या सेलपर्यंतचा चौकोन घेतं. काहीच लिहिलेलं नसेल तर चौकोनच नाही. म्हणून त्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात: रेघा छाप, आणि इथपर्यंत छाप.

रेघांसाठी ‘पेज लेआउट’ टॅबमध्ये ‘शीट ऑप्शन्स’ आहे. तिथे ‘ग्रिडलाइन्स’खाली ‘व्ह्यू’ आणि ‘प्रिंट’ अशा दोन खुणा असतात. ‘व्ह्यू’वर आधीच टिक असते, त्यामुळे काम झालं असं वाटतं. कागदासाठी ‘प्रिंट’वर टिक हवी, आणि ती प्रत्येक शीटला वेगळी द्यावी लागते. हद्दीसाठी हवे तेवढे कोरे सेल निवडून त्याच टॅबमधलं ‘प्रिंट एरिया’, मग ‘सेट प्रिंट एरिया’. एवढं केलं की कोरा कागदही रेघांसकट येतो. तरी रेघा आल्या नाहीत तर पेज सेटअपच्या ‘शीट’ टॅबमध्ये ‘ड्राफ्ट क्वालिटी’ पाहा. ती टिक असेल तर ग्रिडलाइन्स छापल्याच जात नाहीत, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

छापून आलं म्हणजे वापरता आलं असं नाही. खरी गडबड उंचीची. कॅलिब्री ११ फॉन्ट असताना एक्सेलची ओळ १५ पॉइंट उंच असते. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, तेव्हा ही उंची जेमतेम ५.३ मिलिमीटर. टाइप केलेल्या आकड्याला ती पुरते, पण रात्री दोन वाजता गेटच्या दिव्याखाली बॉलपेनने लिहिणाऱ्या वॉचमनला नाही. हाताने भरायच्या तक्त्याला २४ पॉइंट ठेवा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मथळ्याची ओळ ३६ पॉइंट, कारण ‘चालकाची सही’ दोन ओळींत मोडतं.

आता ए४ वर हिशोब करू. कागद २१० बाय २९७ मिमी. वर २० आणि खाली १५ मिमी समास सोडला तर उरतात २६२. मथळ्याचे १२.७ वजा केले की २४ पॉइंटच्या २९ ओळी बसतात. तिसावी घुसवायला गेलात तर ती एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसेल. आडवं पाहता डावीकडे पंचिंगसाठी २० आणि उजवीकडे १० मिमी सोडून १८० उरतात. त्यात अनुक्रमांक १२, तारीख २४, वेळ २०, गाडी नंबर ३८, लिटर २२, चालकाची सही ३२ आणि वॉचमनची सही ३०. बेरीज १७८. दोन मिमी मुद्दाम मोकळे ठेवलेत, कारण एक्सेल रुंदी पिक्सेलमध्ये गोळाबेरीज करतं, आणि केसभर जास्त झालं तरी शेवटचा रकाना वेगळ्या कागदावर जातो. गाडी नंबरला ३८ जास्त वाटतील, पण ‘एमएच ०४’ किंवा ‘एमएच ४३’च्या पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे सुटे लिहायला तेवढी जागा लागते.

ही मापं सेंटीमीटरमध्ये देता येतात. ‘व्ह्यू’ टॅबमधून ‘पेज लेआउट’ दृश्यात गेलं की रकान्याची रुंदी लांबीच्या मापात विचारली जाते. ती इंचात दिसत असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले या वाटेने रूलर युनिट्स बदला. साध्या दृश्यातला ८.४३ हा आकडा सेंटीमीटर नव्हे. एका सेलमध्ये किती अंक मावतील याचं ते माप आहे.

पन्नास पानं हवी असतील तर एकाच पानाच्या पन्नास प्रती काढू नका. मथळा पहिल्या ओळीत लिहा, ‘प्रिंट टायटल्स’मध्ये ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ला ती ओळ द्या आणि प्रिंट एरिया ए१ ते जी१४५१ ठेवा: २९ गुणिले ५०, अधिक मथळ्याची एक. फूटरमध्ये पान क्रमांक टाकला की मधलं पान फाडलं गेलं तर लगेच कळतं. टँकरच्या बिलावरून वाद झाला तर तेच कामाला येतं. स्केलिंग मात्र ‘नो स्केलिंग’वरच ठेवा. ‘फिट शीट ऑन वन पेज’ चुकून लागलं तर एक्सेल सगळ्या ओळी एका पानात कोंबू पाहतं आणि हाती मुंग्यांची रांग येते.

ग्रिडलाइन की बॉर्डर, म्हणजे सेलला आपण स्वतः दिलेली रेघ? एकदाच वापरायच्या कच्च्या कागदाला ग्रिडलाइन पुरे. पण छापील पानाची पुढे झेरॉक्स निघणार असेल तर बॉर्डरच द्या. ग्रिडलाइन सगळीकडे एकसारखी बारीक असते. ती झेरॉक्समध्ये मध्येमध्ये तुटते, आणि मथळ्याखाली जाड रेघ मारायची सोयही नसते. निवडलेल्या भागाला ‘ऑल बॉर्डर्स’, मथळ्याला खालून जाड बॉर्डर, आणि ग्रिडलाइनची प्रिंट टिक काढून टाका.

पाठपोट छापणार असाल तर डावा-उजवा समास सारखा, १५-१५ मिमी ठेवा. वर्डसारखे मिरर मार्जिन (मागच्या पानावर बाजू बदलणारे समास) एक्सेलमध्ये नाहीत, त्यामुळे मागच्या बाजूला पंचिंगची जागा उलटीकडे जाते आणि भोक नेमकं सहीवर पडतं.

एक्सेलऐवजी लिबरऑफिस वापरणाऱ्यांना रेघा छापायची टिक फॉरमॅट, पेज स्टाइल, शीट टॅबमध्ये ‘ग्रिड’ नावाने सापडेल. शिवाय टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, प्रिंट इथली ‘सप्रेस आउटपुट ऑफ एम्प्टी पेजेस’ ही टिक काढावी लागते, नाहीतर कोरी पानं गाळली जातात.

नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे एक्सेलची फाइल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. त्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला किंवा प्रिंटर दुसरा असला की रकान्यांची रुंदी सरकते. पीडीएफ करण्याआधी कागद ‘लेटर’ नाही, ए४ आहे हे बघा. लेटर ए४ पेक्षा १८ मिमी आखूड असतो. आणि दुकानात ‘फिट’ नको, ‘ॲक्च्युअल साइज’ वर काढा असं आवर्जून सांगा. पहिला कागद हातात आला की पट्टी लावून मथळ्याखालच्या दहा ओळी मोजा. ८४ ते ८५ मिमी भरल्या तर बाकीची ४९ पानं काढायला सांगा. ८२ भरल्या तर पान कुठेतरी आकसलंय.