माहेरी नाही, पुण्याला

पोटावरचं जेल सुकत आलं तरी माझा सोनोग्राफीचा प्रोब बाळाच्या हृदयापाशीच होता. बाविसावा आठवडा, पहिलटकरीण. मला गप्प झालेलं पाहून तिनं विचारलं, "ठोके आहेत ना मॅडम?"

"आहेत, छान आहेत," मी पटकन म्हणाले. खोटं नव्हतं, पण तेवढंच म्हणायला नको होतं. तिच्या आईचा चेहरा खुलला आणि पुढचं सगळं मला त्या चेहऱ्यासमोर सांगावं लागलं.

हृदयाचे चारही कप्पे नीट दिसत होते. या दोषात ते बहुतेकदा असे साळसूदच दिसतात. प्रोब जरा वर सरकवला. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांनी एकमेकींना ओलांडून जायला हवं; इथं त्या रुळांसारख्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. जेल पुन्हा लावून तीनदा पाहिलं. टीजीए. दोन्ही धमन्यांची जागा अदलाबदल झालेली.

सोनोग्राफीच्या नोंदीसाठी भरायच्या फॉर्म एफच्या गठ्ठ्याखालून एक कोरा कागद ओढला आणि त्यावर हृदय काढलं. पोटात बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो, म्हणून वाढ चांगली आहे. नाळ कापली की शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच फिरत राहणार आणि अंगाला अशुद्ध जाणार. जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन हे औषध चालू करायचं, म्हणजे दोन्ही रक्तं मिसळणारी वाट बंद होत नाही. मग साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्या कापून आपापल्या जागी जोडायच्या. १९७५ साली ब्राझीलच्या जातेने यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं. आता पुण्या-मुंबईतही होतं.

नवरा इतका वेळ भिंतीला टेकून होता. "ठेवायचं का नाही?"

गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्ड ठरवतं. एवढं सांगितलं. काय करा, ते सांगितलं नाही. पुण्याला फीटल इकोसाठी, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या खास तपासणीसाठी, चिठ्ठी लिहून दिली. "ठेवायचं ठरलं तर बाळंतपणही तिकडंच. बाळाला नंतर हलवण्यापेक्षा पोटातूनच नेलेलं बरं."

"पहिलं बाळंतपण माहेरालाच व्हायला पाहिजे की, मॅडम," आई म्हणाल्या. "डिंक आणून ठेवलाय."

कुणीच काही बोललं नाही. मुलगी पोटावरचं जेल पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती. आईंनी माझं चित्र चार घड्या घालून पिशवीत ठेवलं. लेकीला धरून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पुण्यात त्या दवाखान्याजवळ खोली काय भाड्यानं मिळंल?"