अकराशे अकरा खड्डे

जूनचा पहिला आठवडा. त्र्यंबक-हरसूल पट्ट्यातल्या एका जळीत उतारावर रोपलागवडीसाठी खड्डे खोदाई चालू होती. अंतर तीन बाय तीन मीटर, म्हणजे हेक्टरी १,१११ खड्डे, प्रत्येक ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल. मी टेप लावत मागून चाललो होतो. बाविसाव्या खड्ड्यात एका म्हाताऱ्या बाबांनी टिकाव थांबवला. ‘‘साहेब, हे जितं हाय.’’

मनगटाएवढं सागाचं मूळ. टिकावाने अर्धं तुटलेलं, आतून पांढरंफेक आणि ओलं.

मार्चमध्ये वणवा गेल्यावर याच उताराची नोंद ‘रिकामं क्षेत्र, लागवडयोग्य’ अशी झाली होती. त्या पाहणीवर माझीही सही आहे. उभं राहून बघितलं, सगळं काळं दिसलं, लिहून टाकलं. पण मार्चमध्ये साग, पळस, सावर तसेही उघडेच असतात. पानं नाहीत म्हणून झाड मेलं म्हणायचं, तर शेजारचं न जळलेलं जंगलही मेलेलंच ठरेल. उपग्रहाच्या संदेशावरही भिस्त ठेवता येत नाही. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टरचा. आग कुठे आहे ते कळतं आणि माणसं धावतात, तेवढ्यापुरता तो उत्तम. कोण वाचलं हे त्याला विचारू नये.

ते विचारायचं कोयत्याच्या टोकाला. जमिनीलगत नखाएवढी साल खरवडायची. आत हिरवट-पांढरं, ओलसर लागलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं, आंबूस वासाचं असेल तर ती बाजू गेली. एका जागी खरवडून निकाल देऊ नये, चारही बाजूंनी बघावं. उतारावर पाचोळा घरंगळत येऊन बुंध्याच्या चढाकडच्या बाजूला साठतो, तिथे आग जास्त वेळ धुमसते. त्यामुळे वरची बाजू करपलेली आणि खालची ठणठणीत, अशी झाडं खूप सापडतात. वर सगळं मेलेलं असलं तरी साग, ऐन, धावडा, पळस खुंटातून फुटतात. सागाचं कोवळं रोप तर वर्षानुवर्षं वणव्यात शेंडा गमावतं आणि खाली मूळ जाड करत बसतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत दहा बाय दहा मीटरच्या चौकटी आखून जिवंत खुंट मोजले. एका चौकटीत साधारण अकरा खड्डे बसतात. जिवंत खुंट जवळपास प्रत्येक चौकटीत त्याहून जास्त भरले.

अशा ठिकाणी करायचं ते एवढंच: करपलेलं, वाकडं झालेलं कोवळं खोड जमिनीलगत तिरपं छाटायचं. कोयता धारदार हवा. बोथट असला तर साल खुंटावरून सोलली जाते, पाणी आत शिरतं आणि खुंट कुजतो. छाटणी मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. आधी का नाही, तर हल्ली एप्रिलमध्ये अवकाळी पडला की छाटलेला खुंट फसतो, फुटवे काढतो आणि मेच्या उन्हात ते करपतात. मुळातला साठा फुकट जातो. पुढे दुसऱ्या वर्षी एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढायचे. छाटलेल्या फांद्या समतल रेषेवर आडव्या रचून खुंट्या ठोकायच्या. फांदी मातीला टेकलेली हवी, अधांतरी राहिली की पाणी खालून निघून जातं आणि राख-माती ओढ्यात. आणि चराई बंद. गुरं सहसा सागाला तोंड लावत नाहीत, पण धावड्याचे, बांबूचे कोवळे कोंब ठेवत नाहीत. सगळीकडे सागच उरला म्हणून नंतर आपणच रडतो.

पहिला पाऊस पडून मग दोन-तीन आठवडे उघडीप, हे आता नेहमीचं झालंय. पिशवीतल्या रोपाचं मूळ वीतभर, ते त्या उघडिपीत माना टाकतं. खुंटाचा फुटवा जुन्या, खोल मुळावर तग धरतो. हे सगळं मी वरिष्ठांना फोनवर सांगितलं. उत्तर आलं, ‘‘उद्दिष्ट खड्ड्यांचं आहे.’’ त्यांचंही खोटं नव्हतं. फुटव्यांचं उद्दिष्ट कुणालाच मिळत नाही, आणि फुटव्याशेजारी उभं राहून फोटोही काढता येत नाही.

भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजताना आग सुटली म्हणून गावाला बोलणारे आपण, आणि आगीने सोडलेली मुळं टिकावाने तोडणारेही आपणच. हे मी फोनवर बोललो नाही.

शेवटी तडजोड झाली: खड्डे फक्त खरोखर रिकाम्या जागी, खुंटापासून दोन मीटर सोडून. बाबांनी तुटलेल्या मुळाचं टोक कोयत्याने सरळ कापलं आणि मुरूम पायाने खड्ड्यात लोटून दाबला. खोदलेले बावीस खड्डे मी मोजमाप पुस्तकात लिहिले, मजुरी द्यायची होती. त्यातले किती बुजवले, त्याला पुस्तकात रकानाच नाही. समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय.