मृगाआधी पॉइंटच्या मोटरी: पाणी अडवू नका, जाऊ द्या

कारंज्याकडच्या शेतात टाकलेल्या माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या लाइनचे चारपैकी तीन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायची जागा) उघडून, साफ करून परत बसवले, चौथा बाकी आहे. लाइन ४५ मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तेवढं, आपल्या शकुंतला या नॅरोगेज रेल्वेचा ७६२ मिमीचा गेज धरून गाडीचे डबे साधारण १:१७ ने बनवून राहिलो. पॉइंट रेडिमेड, पितळी रुळाचे, ते हलवणारी मोटर दोन वायरची, डीसीची पोलॅरिटी उलटली की पाती, म्हणजे पॉइंटमधला सरकणारा रूळ, दुसऱ्या बाजूला जाते.

मोटर चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद करायची पद्धत मला पटत नाही. आपल्याकडे दुपारी मोटरचा डबा एवढा तापते की हात लावता येत नाही, मग पहिली सर आली की एकदम थंड होते, आतली हवा आक्रसते अन् जिथं केसाएवढी फट असेल तिथून ओल आत ओढल्या जाते, आणि एकदा आत गेली की बाहेर निघायला रस्ताच नाही. म्हणून प्रत्येक डब्याला तळाशी भोक ठेवलं, त्याला आतून स्टीलची बारीक मच्छरजाळी, नाही तं मुंग्या घर करतात. वायर डब्यात खालूनच घ्यायची, तीही आधी थोडी खाली झोल देऊन, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न जाता झोलावरूनच टपकते. सिलिकॉन फक्त वायरच्या ग्लँडपाशी, म्हणजे वायर डब्यात शिरते तिथं, आणि ते न्यूट्रल क्युअरचंच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला खाते.

टर्मिनलवर व्हॅसलिन लावायचं सगळेच सांगतात, पण पेट्रोलियम जेली चाळीस ते साठ डिग्रीच्या मधातच वितळते आणि आपला मे महिना नेमका तिथंच, उन्हातल्या डब्यात तं विचारूच नका. सिलिकॉन ग्रीस लावा, टिकते. पातीखालच्या सरकपट्टीवर मात्र तेल-ग्रीस काहीच नको, धूळ चिकटून घट्ट पेस्ट होते, कोरडा ब्रश मारून ग्रॅफाइट पावडर पुरते.

खरा त्रास मातीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगा पडतात, पॉइंट एका कोपऱ्यावर उचलल्या जाते अन् मग मोटर कितीही चांगली असो, पाती पूर्ण बसत नाही. पॉइंटखालची माती फूटभर काढून मुरूम ठोकला, त्यावर बारीक गिट्टी. मोटर रुळाला न चिकटवता बाजूला उंच ओट्यावर नेली, मोटर अन् पातीच्या मधात सायकलचा स्टेनलेस स्पोक, त्याला एक झेडसारखा वाक दिला म्हणजे थोडी स्प्रिंग राहते. वरून कवेलू, खाली हवा खेळेल असं टेकवून, सावलीही झाली.

रुळाच्या सांध्याला फट ठेवायला विसरू नका. तीन मीटर पितळी रूळ चाळीस डिग्रीच्या फरकाने दोन मिमीहून जास्त वाढते आणि तो सगळा जोर पॉइंटवरच येते.

पाती अर्ध्यात थांबत असेल तं मोटर बदलायच्या आधी बटण दाबून मोटरच्या टोकाशी मल्टिमीटर लावून पाहा, लांब बारीक वायरमध्ये व्होल्ट पडतात. मी दीड स्क्वेअर एमएमची टाकली, तेव्हापासून खटकन बदलते. बटण मात्र क्षणभरच दाबायचं, धरून ठेवलं तं वाइंडिंग जळते.

चौथा पॉइंट विहिरीकडचा, तिथं उतार उलटा आहे, आधी नाली काढावी लागेल. कोणी पॉइंटखाली काँक्रीटचा ठोकळा टाकला असेल तं काळ्या मातीत दोन पावसाळ्यांनंतर लेव्हल राहिली का ते नक्की सांगा.