डिस्चार्ज कार्डावरचे ४० युनिट

पहाटेची साखर १०४ आली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरला ती खरी वाटेना. तिने दुसरं बोट स्पिरिटने पुसलं, नीट वाळू दिलं, नवी स्ट्रिप लावली. १०१. मी सकाळी ड्युटीवर आले तर तिने केस पेपर पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, ही तीच पेशंट ना, ८४ युनिटवाली?"

तीच. खानावळ चालवणाऱ्या ताई. वय ४९, वजन ११४ किलो, मधुमेह आठ वर्षांचा. रात्री झोपताना ४० आणि तिन्ही जेवणांआधी मिळून ४४ युनिट इन्सुलिन घेऊनही त्यांची उपाशीपोटीची साखर क्वचितच १८०च्या खाली यायची. मी डायबेटिस एज्युकेटर, पेन कसं धरायचं, सुई कुठे टोचायची हे त्यांना मीच शिकवलं होतं. दर तीन महिन्यांनी डोस वाढायचा आणि त्यामागून वजनही. पोटावर टोचून टोचून कातडीखाली गाठी झालेल्या. वजन आणि मधुमेहासाठीचं पोटाचं ऑपरेशन, गॅस्ट्रिक बायपास, होऊन आज तिसरा दिवस. आदल्या रात्री त्यांना फक्त ८ युनिट दिले होते. वजन जिथल्या तिथे.

अकराच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेले. मुलगा बिलाच्या खिडकीशी होता. ताई पलंगाच्या कडेला बसून औषधाच्या ३० मिलीच्या मापातून मुगाचं निवळ पाणी घोट घोट घेत होत्या. निघायची घाई दिसत होती, चपला पायात, पर्स मांडीवर. पर्समधून डिस्चार्ज कार्ड अर्धवट डोकावत होतं. आहाराचं समजवायचं म्हणून मी ते मागून घेतलं. औषधांच्या यादीत तिसरी ओळ: इन्सुलिन ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन), ४० युनिट, रात्री झोपताना.

भरतीच्या दिवशी नोंदवलेला घरचा डोस कॉम्प्युटरमधून तसाच खाली उतरला होता. खाली दोन सह्या.

पहिल्यांदा मला दिसली ती त्यांची रात्र. दिवसभरात पोटात जाणार ते अर्ध्या अर्ध्या तासाला ६० मिली पातळ पाणी. त्यावर ४० युनिट. ताई शिस्तीच्या, आठ वर्षांत एक डोस चुकवलेला नाही, आजही चुकवला नसता. पहाटे साखर घसरली असती, घाम फुटला असता, आणि मुलाला वाटलं असतं, ऑपरेशनचा थकवा आहे, झोपू दे आईला.

मी कार्ड घेऊन आरएमओंकडे, म्हणजे निवासी डॉक्टरांकडे गेले, तिथूनच फिजिशियन सरांना फोन लावला. नवं कार्ड यायला चाळीस मिनिटं लागली. इन्सुलिन बंद, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी बंद, दिवसातून चार वेळा तपासणी, ७०च्या खाली किंवा १८०च्या वर गेली की लगेच फोन. तेव्हापासून बायपासच्या प्रत्येक पेशंटचा इन्सुलिनचा डोस डिस्चार्जच्या सकाळी मी स्वतः कार्डाशी ताडून बघते. कॉम्प्युटरवर विसंबत नाही.

ताईंना मात्र नवं कार्ड पटेना. "सिस्टर, आठ वर्षं तुम्हीच सांगताय, एक दिवस चुकवू नका. आता एकदम बंद? वजन तर तेवढंच आहे!"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अनेक डॉक्टरांनाही तो पडला होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचे सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली आपल्या बायपासच्या पेशंटांचा हिशेब मांडला. मधुमेहाच्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल राहिली होती, आणि ती उतरायला वजन उतरण्याची वाट बघावी लागली नव्हती. काही दिवसांतच उतरली होती.

मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून सांगितलं. "ताई, यकृत म्हणजे तुमची कोठी. रात्री पोट रिकामं असतं तेव्हा रक्तात साखर येते ती तिथून. किती काढायची हे कोठीवाल्याला इन्सुलिन सांगतं. पण यकृतात चरबी साठली की कोठीवाला ऐकेनासा होतो, गिऱ्हाईक नसतानाही पोती बाहेर काढत बसतो. खाणं एकदम कमी झालं की सगळ्यात आधी यकृतातली चरबी उतरते आणि चार दिवसांत तो ऐकायला लागतो."

"आणि ऑपरेशनचं काय?"

"आता अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात वगळून लवकर खाली पोचतं. तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक आधीपेक्षा कितीतरी जास्त पाझरतं आणि जेवणानंतर स्वादुपिंडाकडून वेळेवर इन्सुलिन सोडवून घेतं. रक्तातली साखर उचलणारे स्नायू मात्र तुमच्या वाढप्यांसारखे. त्यांना वळण लागायला महिने जातात, वजन उतरेल तसतसे ते सुधारतात."

वाढप्यांवर त्या पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात मुलगा आला, उशिरावरून वैतागलेला. का थांबवलं ते सांगितल्यावर तो शेजारच्या स्टुलावर बसूनच राहिला. मी त्याला म्हटलं, तुझीही साखर एकदा तपासून घे. "मी तर बारीक आहे!" बारीक होताच, पण शर्टाची पोटावरची बटणं ताणलेली. आमच्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हे ऐकून त्याने शर्ट खाली ओढला आणि सोमवारी उपाशीपोटी येतो म्हणाला.

"मधुमेह गेला" हे शब्द मी कुणालाच देत नाही, ताईंनाही दिले नाहीत. क्लीव्हलँडच्या स्टॅम्पीड अभ्यासात पाच वर्षांनंतर बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली होती, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांची. फरक मोठा आहे, पण बाकीच्यांना गोळ्या लागतात, काहींना पुन्हा इन्सुलिनही. मधुमेह जितका जुना, तितकी स्वादुपिंडात शिल्लक कमी. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. हे सगळं मी ताईंना दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं.

रात्री सव्वादहाला त्यांचा फोन आला. "११८ आहे, सिस्टर. खरंच काही टोचायचं नाही?"

"नाही, ताई."

थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "आठ वर्षांत टोचल्याशिवाय झोपले नाही हो. फ्रिजमधली पेनं टाकून देऊ का?"

"राहू देत. सकाळी साखर बघा आणि मला फोन करा, कितीही लवकर."

पावणेसहाला फोन वाजला. १०९.