निळी रेघ

"बेन, तमारे नकशानुं शुं काम छे?"

खिडकीपलीकडच्या माणसाने हे अगदी साधेपणाने विचारलं, त्यात उद्धटपणा नव्हता. एकसष्ट वर्षांची बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि वीस रुपयांची फी लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज. बाईने रेशनकार्डाबद्दल विचारावं, फार तर पेन्शनबद्दल. मी बडोद्याच्या विश्वामित्री नदीची पूररेषा दाखवणारा नकाशा मागत होते.

मी म्हटलं, "भाई, अडतीस वर्षं नकशेच काढले. तेवढंच येतं."

खरंच तेवढंच येतं. १९८४ साली मी ट्रेसर म्हणून नोकरीला लागले. आता ही जातच नामशेष झाली आहे, म्हणून सांगते. मूळ नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ पसरायचं, टाचण्या मारायच्या आणि काळ्या शाईने एकेक रेघ जशीच्या तशी उतरवायची. पाणी निळं, रस्ते तांबडे, हद्दी काळ्या. मग अमोनियाच्या यंत्रातून प्रती निघत आणि त्या वासाने दुपारी डोकं धरायचं. चूक झाली तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. खरवडलेली जागा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण कापड उजेडाकडे धरलं की लगेच कळतं, इथे काहीतरी होतं. आमचे हेड ड्राफ्ट्समन नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवत.

आम्ही ज्या बडोद्यात वाढलो तिथे नदीला फार कोणी भाव देत नसे. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातून कमाटी बागेत जायचं म्हणजे काळ्या घोड्यापाशी पूल ओलांडायचा. पुलावरून वाकून मगर दिसते का बघायचं आणि आईचा धपाटा खायचा. पण आमच्या कचेरीतल्या नकाशांवर ती नदी वेगळीच होती. पावागडच्या डोंगरातून निघालेली, शहरात शिरताना सापासारखी वळणं घेणारी, आणि दोन्ही बाजूंना झाडाच्या मुळ्यांसारखी पसरलेली कोतरं, म्हणजे घळी. या कोतरांना आणि कांसांना आमच्या नकाशात बारीक निळ्या रेघा असत. पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा म्हणजे कांस. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितला, बडोदेकराला सांगावा लागत नाही. उत्तरेकडच्या एका कांसेचं नाव भूखी. कोणी ठेवलं असेल ते असो, पाण्याची भूक ओळखून ठेवलेलं आहे.

मी ट्रेस केलेल्या त्या बारीक रेघांपैकी किती आज जमिनीवर सापडतील? मी मोजायला जात नाही, मनाला त्रास होतो. काही ठिकाणी टी.पी. स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेतला, रस्ता आहे, काही ठिकाणी लग्नकार्यांचा पार्टी प्लॉट. एका ठिकाणी आमची सोसायटी आहे. हो, आमचीच. १९९६ मध्ये आम्ही समा भागात तळमजल्याचं घर घेतलं तेव्हा मीही नकाशा मागितला नव्हता. एन.ए. झालेली जमीन आहे, बँक कर्ज देते आहे, म्हणजे सगळं ठीक असणार. जिचा दिवस नकाशांत जायचा त्या बाईने स्वतःचं घर घेताना एवढा आंधळेपणा केला, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून कोणीतरी विचारेलच.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट इथल्या कोणाला सांगायला नको. धोक्याची खूण पंचवीस फुटांची आणि नदी ३५ च्या वर गेली. सत्तावीस तारखेला सकाळी आमच्या मोरीतून पाणी वर यायला लागलं. दारातून पाणी येतं हे सिनेमात. घरात पहिल्यांदा मोरी उलटते, मग संडास, मग दार. दुपारपर्यंत ओट्याला पाणी लागलं आणि आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या बेनकडे गेलो. तीन दिवस तिथे. वीज नाही, फोन बंद. त्या माउलीने अकरा जणांना खिचडी घातली, गॅस संपू नये म्हणून एकवेळच. रात्री गच्चीवरून बॅटरीच्या उजेडात गल्लीत काहीतरी संथपणे सरकताना दिसलं. हे म्हणाले ओंडका आहे, मीही मान डोलावली. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत शहरातल्या वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या, हे नंतर पेपरात वाचलं. तो ओंडका नव्हता, असं आता हे स्वतःच सांगत फिरतात.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ उरली. जमिनीपासून चार फूट दोन इंच. मी टेपने मोजली.

त्यानंतर आठ-दहा दिवस शहर खरोखर चिडलेलं होतं. पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांना लोकांनी गल्लीतून हाकललं. बडोद्यात हे घडतं यावर माझा विश्वास बसला नव्हता. १९९८ पासून राज्यात एकाच पक्षाचं सरकार. २०१४ मध्ये याच शहराने आजच्या पंतप्रधानांना ५ लाख ७० हजारांच्या फरकाने लोकसभेत पाठवलं, मग त्यांनी वाराणसी ठेवली आणि बडोदा सोडलं. तरी आम्ही रागावलो नाही. असा आमचा समजूतदारपणा. पण एवढ्या मताधिक्याच्या शहराला एक साधा नकाशा बघायला मिळू नये? पूररेषा कुठून जाते, तिच्या आत बांधकामाची परवानगी कोणी, कधी, कोणत्या कलमाखाली दिली, एवढंच. यात सरकारचं कुठलं गुपित आहे?

हरित लवादाने मे २०२१ मध्येच विश्वामित्रीबद्दल आदेश दिला होता. नदी म्हणजे नुसती पाण्याची धार नाही, तिचा पूरपट्टा आणि कोतरंही नदीच, त्यांची आखणी करा, अतिक्रमणं रोखा, असा त्याचा आशय. पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि त्यांच्यासारखे लोक यासाठी वर्षानुवर्षं कागद घेऊन भांडले. मला त्यांच्या सगळ्याच गोष्टी पटतात असं नाही, पण हे लोक 'विकासविरोधी' असतील तर २०२४ मध्ये तीन दिवस गच्चीवर बसलेले आम्ही कोण होतो?

२०२५ च्या उन्हाळ्यात मग शंभर दिवसांची मोहीम निघाली. नदी खोल आणि रुंद करायची. जेसीबी, हिताची, डंपर. मी एका संध्याकाळी बघायला गेले. गाळ काढू नये असं मी म्हणत नाही, कचरा आणि राडारोडा मणामणाने पडला होता. पण मगरीण काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते ती याच उन्हाळ्यात, आणि पिल्लं बाहेर येतात पावसाच्या तोंडावर. वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत बसवलेला प्राणी, आणि त्याच्या बाळंतिणीच्या खोलीत आपण पोकलेन घालतो. शिवाय नदी कितीही खोदा, तिच्याकडे येणाऱ्या कांसा बुजवलेल्याच राहिल्या तर पाणी कुठून जाणार? ते आमच्या मोरीतूनच येणार. हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही, ट्रेसर असलं तरी पुरतं.

कचेरीच्या खिडकीवर परत येते. महिनाभराने उत्तर आलं: मागितलेली माहिती या शाखेत उपलब्ध नाही. कोणत्या शाखेत आहे ते नाही. मी पहिलं अपील केलं. साहेब सभ्य होते, पाणी विचारलं. म्हणाले, नकाशा बाहेर गेला तर लोक घाबरतील, जमिनीचे भाव पडतील. दुसरं असं की परवानग्यांवर सह्या करणाऱ्यांची नावं ही आता व्यक्तिगत माहिती आहे.

दुसरा मुद्दा ऐकून मी घरी येऊन कायदा वाचला. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येतो, असं दाखवावं लागे, आणि व्यापक जनहित असेल तर ती त्याच कलमाखाली देता येई. डिजिटल डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं ते कलमच छाटून एका ओळीचं केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि ती छाटणी लागू झाली. जनहिताची वेगळी तरतूद दुसऱ्या एका पोटकलमात अजून आहे म्हणतात. आहे, पण खिडकीवरच्या माणसाला ती दाखवत बसायचं कोणी? खरवडलेल्या जागेचा प्रकार. साध्या डोळ्यांना कायदा अजून पूर्ण दिसतो.

त्याच महिन्यात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयातही एक रेघ पुसली गेली. आधी प्रकल्प बांधायचा आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची, ही पळवाट न्यायमूर्ती ओक आणि भुयान यांच्या खंडपीठाने १६ मे २०२५ ला बंद केली होती. वनशक्ती या मुंबईच्या संस्थेची याचिका. ओक निवृत्त झाले आणि १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक अशा मतांनी तो निकाल मागे घेतला. बांधलेलं पाडणं जनतेच्या पैशाचं नुकसान आहे, असा बहुमताचा युक्तिवाद. भुयान एकटे विरोधात राहिले. मला कायद्यातलं कळत नाही, पण पावतीआधी माल उचलायची सवय लागली की दुकान चालत नाही, हे किराणावाल्यालाही कळतं.

आणि विचारायचं तरी कुठे? हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री बडोद्यात आले असताना त्या मुलांपैकी दोघांच्या आया सभेत उभ्या राहून बोलू लागल्या. तुम्ही ठरवून आला आहात, अशा अर्थाचं त्यांना ऐकवलं गेलं आणि पोलिसांनी त्यांना बाहेर नेलं. ठरवून? पोर गेल्यावर आई ठरवूनच येणार ना! मला तो प्रसंग पुरापेक्षा जास्त लागला. घर धुऊन निघतं.

आमच्याकडची वडीलधारी मंडळी अशा वेळी सयाजीराव महाराजांचं नाव काढतात. महाराजांनी आजवा तलावाचं पाणी उताराने, पंपाशिवाय शहरात आणलं, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, राज्याचे हुकूम 'आज्ञापत्रिके'त छापून लोकांसमोर ठेवले. सगळं खरं. पण माझे आजोबा प्रजामंडळवाले, म्हणजे संस्थानात लोकांचं राज्य मागणारे होते, आणि त्यांना महाराजांच्या आरत्या आवडत नसत. ते म्हणायचे, चांगला राजा मिळणं ही लॉटरी आहे, आणि लॉटरीवर संसार करत नाहीत. मला फक्त एवढंच खुपतं की राजाच्या राज्यात हुकूम छापून मिळत होता.

दुसरं अपील गांधीनगरला माहिती आयोगाकडे पडलं आहे. याच आयोगाने २०२२ च्या सुमारास 'फार अर्ज करतात' म्हणून दहाएक जणांना अर्ज करण्यावरच बंदी घातल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा मी पुढचा अर्ज आमच्या यांच्या नावाने करणार आहे. यांनी अजून होकार दिलेला नाही.

दरम्यान मी स्वतःच नकाशा काढायला घेतला आहे. साधी रीत. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरायची, तिची दोन्ही टोकं दोन घरांच्या भिंतींशी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत उभं राहतं. आमच्या भिंतीवरच्या रेघेपासून पुढच्या घरी, तिथून पुढे. वरच्या बेनचा नातू नळीचं दुसरं टोक धरतो आणि दर घरामागे एक कुल्फी घेतो. संध्याकाळी मी जुन्या पेनाने ट्रेसिंगवर उतरवते. पेन दोन दिवस गरम पाण्यात ठेवलं तेव्हा कुठे सुरू झालं.

एकोणीस घरं झाली आहेत. विसाव्या घराने दार उघडलं नाही. एकविसाव्याने हात जोडले, "काकी, फ्लॅट विकायचा आहे, आमच्याकडे पाणी आलंच नव्हतं असं धरा." त्याच्याकडे साडेपाच फूट होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. मला राग आला आणि लगेच गेलाही, कारण दिवाळीआधी आमच्याकडे रंगारी आला होता. हे म्हणाले, उद्या आपल्यालाही विकायचं झालं तर? ती तपकिरी रेघ आम्हीच ऑफव्हाइटने झाकली. माझी चार फूट दोन इंचांची खूण आता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला आहे, पेन्सिलीने, तारखेसकट. डाळींचे डबे काढले की दिसते.

रविवारी नातवाची परीक्षा संपते. मग मंदिराच्या बाजूची गल्ली घेणार आहे.